बीकॅश: एसएसडी रिकामी आणि हार्डडिस्कची घरघर तशीच

लग्नाचे फोटो काढतो, एडिटिंग घरी लिनक्सवर. ४ टीबीची हार्डडिस्क आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेली २४० जीबीची एसएसडी. सगळं काम एसएसडीवर न्यायला पैसे नाहीत, म्हणून बीकॅश लावलं: हार्डडिस्कवरचा वारंवार लागणारा डेटा वेगवान एसएसडीवर (कॅशमध्ये) साठवून तिथूनच देणारी लिनक्सची सोय. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ते २०१३ पासून, ३.१० आवृत्तीपासून आहे, फुकट. मात्र डिस्क आधी त्यासाठी फॉरमॅट करावी लागते. सगळा डेटा दुसरीकडे हलवून परत आणण्यात माझा रविवार गेला.

आणि फरक शून्य. नवरीकडच्यांनी एकाच अल्बममध्ये चारदा बदल सांगितले, तेच साडेसहाशे रॉ फोटो रोज उघडत होतो आणि रोज तीच घरघर. (सगळे मिळून १६ जीबी होतात. रॅम ८ जीबी, तिच्यात ते मावत नाहीत, त्यामुळे तिच्याकडूनही आशा नाही.) वाटलं, एसएसडी जोडलीच गेली नसेल. तसं असतं तर बीकॅशच्या 'स्टेट'मध्ये (स्थितीत) 'नो कॅश' दिसलं असतं. माझ्याकडे 'क्लीन' होतं. मग आकडेवारी उघडली: हिट (एसएसडीवरून मिळालेलं वाचन) नावाला, 'बायपास्ड' (एसएसडीला वगळून गेलेलं) मात्र कितीतरी जीबी.

गोम अशी की सलग वाचन ४ एमबीच्या वर गेलं की बीकॅश ते साठवतच नाही. बॅकअप किंवा सिनेमाने कॅश भरून जाऊ नये म्हणून. ठीक आहे, पण माझा एकेक फोटो २५ एमबीचा! वर प्रोग्रॅमच्या आधीच्या वाचनांच्या आकाराची सरासरीही ते धरून ठेवतं, म्हणजे फोटोचा पहिला तुकडासुद्धा आत येत नाही.

'सिक्वेन्शियल कटऑफ', म्हणजे हीच ४ एमबीची मर्यादा, शून्य केला; शून्य म्हणजे मर्यादाच नाही. अल्बम एकदा उघडून भरू दिला, दुसऱ्या खेपेला हार्डडिस्क गप्प! रीबूट केल्यावर पुन्हा ४ एमबी, कारण ही सेटिंग टिकत नाही. यूडेव्हचा (डिस्क जोडली गेली की आपोआप सेटिंग लावणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम लिहावा लागला. एसएसडी २ मिलिसेकंदांपेक्षा उशिरा उत्तर देऊ लागली तरी बीकॅश तिला टाळतं. माझी एसएसडी म्हातारी, म्हणून तीही मर्यादा शून्य केली.

राइटबॅक (आधी एसएसडीवर लिहून हार्डडिस्कवर नंतर पोचवायची पद्धत) मात्र लावलं नाही. एसएसडी मेली तर हार्डडिस्कवर न पोचलेले फोटो जातील, आणि कुणाचं लग्न मला परत लावता येत नाही.

पाचपैकी साडेतीन. आता रात्रीचा बॅकअपही कॅशमध्ये घुसतो, म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आधी ४ एमबी, संपल्यावर शून्य, अशा दोन ओळी घातल्यात.