इंदूरच्या उन्हात दिओर सोवाज: पहिल्या दहा मिनिटांवर भुलू नका

दिओर कंपनीचं हे सेंट घेताना दुकानात नुसतं ‘सोवाज द्या’ म्हणू नका. या नावाच्या कमी-जास्त तीव्रतेच्या अनेक वेगळ्या बाटल्या आहेत, जशा ओ द त्वालेत (2015), ओ द पार्फम (2018), पार्फम (2019) आणि एलिक्सिर (2021). हे परीक्षण पहिलीचं, दिओरचे तेव्हाचे सुगंधकार फ्रान्स्वा दमाशींनी घडवलेल्या ओ द त्वालेतचं.

फवारताच बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा आंबट, लिंबाच्या सालीसारखा ताजेपणा आणि मिरीचा झणका येतो. काउंटरवर कागदी पट्टी नाकाशी धरली की माणूस इथेच पाकीट काढतो. पण हा ताजेपणा पंधरा-वीस मिनिटांत उडतो. नंतर उरतो तो मुख्यतः अँब्रॉक्सन हा सुगंधी पदार्थ. क्लेरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लेरिऑलपासून तो बनवतात आणि व्हेलपासून मिळणाऱ्या अंबरच्या जागी वापरतात. कोरडा, किंचित खारट, लाकडासारखा वास. तो आवडला तरच बाटली घ्या, कारण दिवसभर सोबत तोच असतो.

‘तासाभरात वास जातो’ ही या बाटलीबद्दलची नेहमीची तक्रार. बऱ्याचदा वास असतो, आपलं नाक त्याला सरावलेलं असतं. घरातल्या कुणालातरी विचारा.

चाचणी अशी करा. साबणाचा वास उरलेला नाही अशा मनगटावर वीतभर अंतरावरून एकच फवारा. मनगटं एकमेकांवर घासू नका. ऊब वाढते आणि वरचा हलका थर लवकर उडतो. मग दहा मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी हुंगा. दुसऱ्या मनगटावर काही लावू नका. मध्ये नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, दाराबाहेरची मोकळी हवा पुरते.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते. कोरड्या त्वचेवर कुठलंही सेंट लवकर विरतं, म्हणून आधी बिनवासाचं व्हॅसलीन बोटभर लावा. फवारे दोनच. एसी ऑफिसात चार फवारे शेजारच्याला नकोसे होतात. आणि बाटली स्कूटीच्या डिकीत अजिबात नको! उष्णतेने आधी बर्गमॉटच बिघडतो.

राजवाड्याजवळ घ्या किंवा मॉलमध्ये, खोका नीट वाचा. आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं हवं. खोक्यावरचा बॅच क्रमांक बाटलीच्या बुडावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मात्र नक्कल करणारे क्रमांकही उतरवून घेतात, तेव्हा नुसत्या त्या जुळणीवर विसंबू नका. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. थेंब उडत असतील तर शंका घ्या.

सकाळी किंवा रात्रीच्या समारंभाला हे छान बसतं, भर दुपारच्या लग्नाला मात्र जड. पहिल्यांदा 60 मिलीचीच घ्या. पक्कं बिल मागा. दुकानदाराने नाकारलं किंवा माल खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.