उंदीर मारायला काळी पूड की विषारी केकच्या वड्या?
लालबागच्या चाळीतल्या मावशींना हा प्रश्न पडलाय. घरात नातू रांगतोय, म्हणून किंमत नंतर, विषारीपणा आधी.

काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फीन वायू सुटतो आणि उंदीर काही तासांत मरतो. माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर खास उतारा नाही, हीच मोठी भीती.

वड्यांमधलं ब्रोमॅडिओलोन व्हिटॅमिन केचं काम अडवतं, रक्त गोठत नाही. उंदीर मरायला काही दिवस लागतात; पण डॉक्टरांकडे व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. तो उंदीर मांजरीने खाल्ला तर मात्र तिलाही बाधतं.

रांगतं मूल असेल तिथे पिंजराच लावा. वड्या फक्त मोठी माणसंच राहतात अशा घरात, तेही बंद पेटीत. काळी पूड गोदामात, जाणकाराच्याच हाती, चाळीत नकोच.