क्लाउड घ्यावं की स्वतःचा सर्व्हर? ठरवायच्या आधी हे गैरसमज बाजूला ठेवा

ऑफिसचा सर्व्हर जुना झाला, वॉरंटी संपत आली की हा प्रश्न येतोच. नवीन मशीन घ्यायचं की सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर, टाकायचं? मग लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो क्लाउडवर गेलं की खर्च कमी आणि टेन्शन संपलं, दुसरा म्हणतो आपला डेटा दुसऱ्याच्या मशीनवर कशाला ठेवायचा, उद्या चोरीला गेला तर? मला वाटतं दोघांचंही भांडण चुकीच्या प्रश्नावर चाललंय. अख्खी कंपनी कधी क्लाउडवर जात नाही, एकेक काम जातं. ईमेल हे एक काम, हिशोबाचं सॉफ्टवेअर दुसरं, वेबसाइट तिसरं, कारखान्यातल्या मशीनला जोडलेला प्रोग्राम चौथं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

म्हणून खाली एकेक गैरसमज घेऊन दोन्ही बाजू समोरासमोर ठेवतोय. पैसे आणि बॅकअप यावर जास्त लिहिलंय कारण लोक अडकतात ते तिथेच.

"क्लाउड स्वस्तच पडतं"

आधी स्वतःच्या सर्व्हरची बाजू बघू. एकदम मोठी रक्कम जाते, मग तो चार-पाच वर्षं चालतो. पण त्याच्यासोबत वीज, एसी, यूपीएस, लायसन्स, खराब झालेली डिस्क बदलणं आणि हे सगळं बघणारा माणूस पण येतो. हिशोब करताना बरेच जण मशीनची नुसती किंमत धरतात आणि क्लाउडचं मात्र सगळं बिल धरतात, तुलना तिथेच बिघडते.

आता क्लाउडची बाजू. इथे आधी काही भरावं लागत नाही, जेवढं वापराल तेवढं बिल, पण "वापराल" म्हणजे "चालू ठेवाल" हे लक्षात घ्या. मशीनवर कुणी काम करत नसलं तरी ते चालू असेल तर मीटर पळतच असतो. आठवड्यात 168 तास असतात, टेस्टिंगचा सर्व्हर रोज 8 तास, पाच दिवस लागत असेल तर गरज झाली 40 तासांची. रात्री आणि शनिवार-रविवारी तो आपोआप बंद होईल असं शेड्यूल लावलं तर त्या मशीनच्या भाड्यातले तीन चतुर्थांश पैसे वाचतात (डिस्कचं भाडं मात्र मशीन बंद असलं तरी लागतं). शेड्यूल लावलंच नाही, आणि जुना सर्व्हर जेवढा मोठा होता तेवढंच मोठं मशीन भाड्याने घेऊन चोवीस तास चालू ठेवलं, तर क्लाउड महाग पडणारच, आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त होतं.

मोठ्या कंपन्यांची उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत. बेसकॅम्प हे प्रोजेक्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्सने ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर केलं की आम्ही क्लाउड सोडतोय, त्या वर्षीचा त्यांचा क्लाउडचा खर्च 32 लाख डॉलरच्या आसपास होता, आणि नवीन सर्व्हर त्यांनी सहा-सात लाख डॉलरमध्ये घेतले. ऑनलाइन फाइल ठेवायची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने पण बहुतेक स्टोरेज स्वतःच्या मशीनवर नेलं आणि 2018 च्या आयपीओच्या कागदपत्रांत दोन वर्षांत साधारण साडेसात कोटी डॉलर वाचल्याचं दाखवलं. पण या दोघांकडे लोड (म्हणजे सर्व्हरवर पडणारं काम) बऱ्यापैकी स्थिर होता आणि सर्व्हर सांभाळणारी तयार टीम होती, ही अट विसरून नुसता आकडा बघितला तर फसाल.

उलट बाजूला नेटफ्लिक्स बघा. 2008 मध्ये त्यांचा डेटाबेस खराब झाला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, त्यानंतर त्यांनी क्लाउडवर जायला सुरुवात केली आणि ते काम पूर्ण झालं जानेवारी 2016 मध्ये. मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. तुमच्या स्क्रीनपर्यंत व्हिडिओ पोचवायचं काम त्यांनी आपल्याच ओपन कनेक्ट नावाच्या नेटवर्कवर, स्वतःच्या बॉक्सवर ठेवलंय. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीने पण कामं वाटूनच घेतली.

थोडक्यात सांगायचं तर लोड वर-खाली होत असेल, सेलच्या दिवसांत दहापट गर्दी आणि नंतर शांतता, तर क्लाउड. रोज सारखाच लोड, वर्षानुवर्षं, आणि सांभाळायला माणूस आहे, तर स्वतःच्या सर्व्हरचा हिशोब नक्की करून बघा. मधला रस्ता पण आहे, एक किंवा तीन वर्षांचं कमिटमेंट दिलं की क्लाउडवाले रेट बराच कमी करतात, पण मग मधेच मशीन नको झालं तरी पैसे भरावे लागतात.

"क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे"

हा सगळ्यात घातक गैरसमज आहे आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

सिंक (लॅपटॉपवरची फाइल आणि क्लाउडवरची कॉपी आपोआप सारखी ठेवणं) आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या लॅपटॉपवर फाइल डिलीट झाली किंवा रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, लॉक केली तर सिंक तोच बदल इमानदारीने क्लाउडवर पण करतो. जुनं व्हर्जन परत आणायची सोय असते, पण तिला मुदत असते. कंपनीच्या वनड्राइव्हमध्ये डिलीट केलेली फाइल डीफॉल्टने 93 दिवस रिसायकल बिनमध्ये राहते, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस. कंपनी सोडून गेलेल्या माणसाने काय डिलीट केलं हे कळायलाच कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो.

10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर आगीत जळलं. ज्यांचा बॅकअप त्याच कॅम्पसमध्ये होता त्यातल्या काहींचा डेटा कायमचा गेला. 2014 मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड अकाउंटमध्ये हल्लेखोर घुसला आणि त्याने डेटा आणि बॅकअप दोन्ही उडवले, बॅकअप त्याच अकाउंटमधून पोचता येण्यासारखा होता, ती कंपनी बंदच झाली. आणि मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या यूनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं अख्खं प्रायव्हेट क्लाउड गूगलकडच्या चुकीच्या सेटिंगमुळे डिलीट झालं, लाखो सभासदांना कित्येक दिवस खातं बघता येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या प्रोव्हायडरकडे (म्हणजे क्लाउड देणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे) पण बॅकअप ठेवला होता म्हणून परत उभं राहता आलं.

स्वतःच्या सर्व्हरचं इथे काही जास्त चांगलं नाही. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरच्या शेजारच्या कपाटात असेल तर आग दोघांना मिळून लागते. दोन्हीकडे नियम एकच, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक पूर्ण वेगळ्या ठिकाणी, आणि क्लाउडच्या बाबतीत वेगळ्या अकाउंटमध्ये वेगळ्या लॉगिनने. आणि वर्षातून दोनदा तरी तो बॅकअप खरंच उघडून, रिस्टोर करून बघा.

"क्लाउड असुरक्षित आहे" आणि "सुरक्षितता ते बघतात"

हे दोन उलटे गैरसमज आहेत आणि गंमत नाही, खरंच एकाच मीटिंगमध्ये दोन्ही ऐकायला मिळतात. इमारत, वीज, हार्डवेअर, त्याखालचं नेटवर्क हे प्रोव्हायडर सांभाळतो आणि साध्या ऑफिसपेक्षा कितीतरी चांगलं सांभाळतो. पण कुणाला ॲक्सेस द्यायचा, पासवर्ड, कुठलं फोल्डर पब्लिक ठेवायचं, हे तुमच्याकडेच राहतं. भाड्याने व्हर्च्युअल मशीन (त्यांच्या मोठ्या सर्व्हरचा तुम्हाला दिलेला वेगळा भाग) घेतलं असेल तर त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट पण तुम्हीच टाकायचे, तयार सॉफ्टवेअर मासिक फी भरून वापरत असाल तर ते काम त्यांचं.

2019 मध्ये कॅपिटल वन बँकेचा डेटा गेला, अमेरिकेतले जवळपास 10 कोटी आणि कॅनडातले 60 लाख लोक, तिथे वाट मिळाली ती बँकेच्या बाजूने चुकीच्या सेट केलेल्या फायरवॉलमधून, म्हणजे नको ते ट्रॅफिक अडवणाऱ्या सोयीमधून. 2024 मध्ये स्नोफ्लेक ही क्लाउडवर डेटा साठवायची सेवा वापरणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचा डेटा चोरला गेला, चोरलेले पासवर्ड वापरून, आणि त्या अकाउंटवर दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर फोनवरचा कोड वगैरे) चालू नव्हतं. म्हणून निर्णय कुठलाही घ्या, ॲडमिन अकाउंटला दोन टप्प्यांचं लॉगिन आजच लावा.

डेटा कुठल्या देशात राहतो हे बहुतेक ठिकाणी निवडता येतं, पण प्रोव्हायडर कंपनी कुठल्या देशाची आहे हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेचा 2018 चा क्लाउड ॲक्ट त्यांच्या कंपन्यांना परदेशात ठेवलेला डेटाही कायदेशीर आदेश आल्यावर द्यायला लावू शकतो. आरोग्य किंवा सरकारी कामाचा डेटा असेल तर हे वकिलाला दाखवून घ्या.

"क्लाउड कधी बंद पडत नाही"

पडतं. 28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या एका इंजिनिअरने कमांड चुकीची टाकली आणि त्यांचं फाइल साठवायचं एस-थ्री स्टोरेज काही तास बंद होतं, त्यावर चालणाऱ्या असंख्य साइट्स अडकल्या. करारात 99.9 टक्के वेळ सेवा चालू राहील असं लिहिलेलं असेल तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा झाली, 99.99 असेल तर साधारण 52 मिनिटं. त्याहून जास्त बंद राहिलं तर सहसा पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, तुमचा बुडालेला धंदा कुणी भरून देत नाही.

ऑफिसमधला सर्व्हर इंटरनेट गेलं तरी आतल्या लोकांसाठी चालतो, हा त्याचा मोठा प्लस. पण त्याचा मदरबोर्ड गेला तर पार्ट येईपर्यंत किती दिवस, हे विचारून ठेवा.

"एकदा गेलं की परत येता येत नाही"

डेटा बाहेर काढायचे पैसे हा पूर्वी मोठा अडथळा होता. 2024 मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही पूर्ण सोडून जाणाऱ्या ग्राहकाला ही फी माफ करायची सोय दिली, अर्थात आधी अर्ज करावा लागतो, आणि रोजच्या वापरात बाहेर जाणाऱ्या डेटाचं बिल चालूच आहे. खरी अडकवणूक असते ती त्या कंपनीचीच खास सर्व्हिस वापरून बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. पोस्टग्रेससारखा कुणालाही फुकट वापरता येणारा साधा डेटाबेस कुठेही हलतो, खास त्यांचाच डेटाबेस वापरला तर कोड परत लिहावा लागतो.

"आयटीचा माणूस लागणार नाही" हे पण ऐकलं असेल. लागतो, डिस्क बदलायच्या ऐवजी तो बिल आणि परवानग्या बघतो.

मग काय न्यायचं, काय ठेवायचं

ईमेल आणि रोजच्या फाइल्स कंपनी अगदी पाच जणांची असली तरी क्लाउडवर न्या, स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं आता परवडत नाही, मेल स्पॅममध्ये जाण्यापासून वाचवण्यातच दिवस जातो. वेबसाइट पण तिकडेच. बाहेरच्या जागी बॅकअप हवा असेल तर क्लाउडसारखी सोपी सोय नाही. कारखान्यातल्या मशीनला जोडलेलं, एक सेकंद उशीर न चालणारं काम जागेवरच ठेवा. मोठमोठ्या व्हिडिओ किंवा डिझाइन फाइल्स दिवसभर उघडणारी टीम असेल तर त्यांच्यासाठी पण जवळचं स्टोरेजच बरं, क्लाउडवरच्या बॅकअपसह. हिशोबाचं किंवा स्टॉकचं मुख्य सॉफ्टवेअर शेवटी हलवा, तोपर्यंत तुमच्या लोकांचा हात बसलेला असेल, आणि पहिल्याच दिवशी खर्चाची लिमिट ओलांडली की मेल येईल असा अलर्ट लावून ठेवा. तो अलर्ट बिल थांबवत नाही, नुसतं कळवतो, म्हणून मेल कुणाकडे जाणार हे पण ठरवा. आणि हलवाहलवी चालू असताना जुना सर्व्हर आणि क्लाउड दोन्हींचा खर्च एकाच वेळी चालतो, हे दुहेरी बिल कोटेशनमध्ये कुणी दाखवत नाही, ते तुम्हीच बजेटमध्ये धरा.