कंपनीचं केर्स्टपाकेट: खोका घ्या, पॉइंट्सच्या नादी लागू नका

आधी निकाल सांगते, मग भांडा. कंपनी ख्रिसमसला देते तो खोका पाचपैकी चार. त्याऐवजी हल्ली येतं ते पॉइंट्सवालं वेबशॉप पाचपैकी दोन, आणि त्यातला एक मार्क नुसत्या गूरमेटच्या, म्हणजे टेबलावर भाजायच्या विजेच्या तव्याला दिलाय.

नेदरलँड्सला नवीन आलेल्यांसाठी थोडं. इथे डिसेंबरच्या मध्यात बहुतेक कंपन्या आपल्या लोकांना केर्स्टपाकेट देतात, ख्रिसमसची चित्रं छापलेला भलामोठा पुठ्ठ्याचा खोका, आत खायचं-प्यायचं सामान आणि घरात वापरायची एखादी वस्तू. कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की द्यायलाच पाहिजे, पण नाही दिला तर लोक पुढच्या डिसेंबरपर्यंत बोलून दाखवतात. काही ठिकाणी रिटायर झालेल्यांनाही येतो, संस्थांमधून फुकट काम करणाऱ्या स्वयंसेवकांनाही देतात. मी आइंडहोवनला एका मध्यम आकाराच्या कंपनीत पेरोल बघते, नाव नको, त्यामुळे हा खोका मला दोन्ही बाजूंनी दिसतो, घेणारी म्हणून पण आणि त्याचा हिशोब लावणारी म्हणून पण.

खोक्यात काय असतं? वाइनची एक बाटली, टोस्ट आणि त्यावर लावायला काहीतरी, चीजचा तुकडा, खारे दाणे, चॉकलेट, पास्ता आणि त्याचा सॉस, कधी सूप, कधी केर्स्टस्टोल म्हणून बेदाणे घातलेला आणि मधे बदामाचं सारण असलेला गोड ब्रेड, आणि तळाशी फ्लीसचं ब्लँकेट नाहीतर कंदील नाहीतर लाकडी ट्रे. बाकी निम्मा खोका कागदाच्या कातरणाने भरलेला असतो, घरभर उडतो तो, फेब्रुवारीत सोफ्याखाली सापडतो. चव म्हणाल तर सगळं ठीकठाक, उघड सांगायचं तर यातली एकही गोष्ट मी दुकानात जाऊन स्वतःच्या पैशाने घेतली नसती, ऑलिव्हची ती काळी पेस्ट तर नक्कीच नाही. पण संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर खोका ठेवून पोरं एकेक वस्तू बाहेर काढतात, हे मला ते मला करतात, नवरा ब्लँकेट ढापतो, यात जी मजा आहे ती ईमेलमध्ये आलेल्या कोडमध्ये काय येणार आहे.

तो खोका घरी नेणं हा पण एक प्रकारच असतो हां. डिसेंबरच्या त्या आठवड्यात संध्याकाळच्या ट्रेनमध्ये बघा, प्रत्येकाच्या मांडीवर खोका, आणि सायकलवाले कॅरिअरला रबरी पट्ट्यांनी बांधून पावसात वाऱ्याविरुद्ध पेडल मारत चाललेत. माझी सहकारी पन्नाशी ओलांडलेली बाई, एका हातात हँडल आणि एका हाताने मागचा खोका धरून जाते, मी आपली बसची वाट बघते.

शाकाहारी लोकांनी मात्र डोळे उघडे ठेवा. एचआर आधी फॉर्म पाठवतं, साधा, व्हेज, हलाल, दारूशिवाय असे पर्याय बऱ्याच ठिकाणी असतात, आणि तो फॉर्म नोव्हेंबरातच येतो म्हणून लोक न बघता सोडून देतात आणि मग खोक्यात रोकवुर्स्ट निघतो, डुकराच्या मांसाचा स्मोक्ड सॉसेज, आणि वाटाण्याचं सूप वाटलं तरी त्यातही तोच. व्हेजवर टिक केलं तरी चीजच्या मागचं लेबल वाचा, स्ट्रेमसेल हा शब्द शोधा, दूध फाडायला वापरतात ते. डिअरलिक लिहिलं असेल तर ते वासराच्या पोटातून आलेलं असतं, मिक्रोबिएल नाहीतर वेखेटारिश लिहिलं असेल तर आपल्याला चालतं. मऊ रंगीत गोळ्या असतील तर जिलेटिन बघा. आमच्या सासूबाई इथे होत्या तेव्हा सगळी लेबलं मला मोठ्याने वाचायला लावली होती आणि शेवटी त्यांनी फक्त दाणे आणि ब्लँकेट ठेवून घेतलं.

आता पेरोलवालीची बाजू. लोकांना वाटतं कंपनी उदार झाली, बॉसच्या मनात आलं. तसं नसतं. इथे डब्ल्यूकेआर म्हणून एक नियम आहे, कंपनीच्या एकूण पगारखर्चाच्या ठराविक टक्क्यांपर्यंत अशा भेटी, बाहेर हॉटेलात केलेल्या पार्ट्या वगैरे करमुक्त देता येतात. 2025 मध्ये पहिल्या 4 लाख युरो पगारावर 2 टक्के आणि त्याच्या वरच्या पगारावर 1.18 टक्के. म्हणजे 4 लाखांचा पगारखर्च असलेल्या छोट्या कंपनीला वर्षभरात सगळं मिळून 8,000 युरो. त्याच्या वर गेलं की कंपनीला वरच्या रकमेवर 80 टक्के कर भरायचा, त्यामुळे सहसा कोणी वर जात नाही. नोव्हेंबरात मला डायरेक्टरचा फोन येतो, किती जागा उरली, आणि उन्हाळ्यात बाहेरची टीम आउटिंग जोरात झालेली असेल तर डिसेंबरात खोका हलका होतो, ब्लँकेटच्या जागी नॅपकिन येतात. शिवाय व्हॅटचा एक 227 युरोचा नियम आहे, एका माणसावर वर्षभरात अशा भेटींचा खर्च त्याच्या आत राहिला तर कंपनीला व्हॅट वजा करून मिळतो. एवढं सगळं बघून त्या बाटलीची किंमत ठरते. पण यात आपला फायदा असा की घेणाऱ्याच्या पगारातून एक सेंटही कापला जात नाही, 50 युरोचा खोका म्हणजे पूर्ण 50 युरोचाच.

मला खोक्याला चार मार्क द्यावेसे वाटतात ते मात्र चीजमुळे नाही, तर सगळ्यांना एकच मिळतो म्हणून. डायरेक्टरला जो तोच गोडाऊनमधल्या पोराला, तीच वाइन, तोच कंदील. भारतात मी आधीच्या नोकरीत दिवाळीला ग्रेडप्रमाणे गिफ्ट बघितलीत, मॅनेजरला चांदीचं नाणं आणि काजूकतली, आम्हाला सोनपापडी, आणि ऑफिस बॉयला बॉक्सपण नाही, एक पाकीट, तेही मोजून. त्या सोनपापडीचा डबा दिवाळीभर या घरून त्या घरी फिरायचा.

अर्थात आपल्याकडचा बोनस ही वेगळीच गोष्ट, त्याला भेट म्हणायचंच नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी 1924 साली बोनससाठी संप केला होता, आणि 1982 चा तो मोठा संप, त्याची सुरुवातही बोनसच्या भांडणातूनच. 1965 च्या कायद्याने बोनस पगाराच्या किमान 4 टक्के आणि कमाल 20 टक्के ठरवला, पुढे किमान 8.33 टक्के झाला, 8.33 म्हणजे बारा महिन्यांच्या पगारातला एक महिना. आमचे पप्पा सांगलीकडे साखर कारखान्यात होते, दिवाळीला बोनस किती टक्के जाहीर होतो यावर आख्ख्या कॉलनीचे कपडे ठरायचे, आणि शेतकरी सभासदांना सवलतीची साखर मिळायची, पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं. मुंबई महापालिका अजूनही दर दिवाळीला सानुग्रह अनुदान जाहीर करते, 2024 ला 29,000 रुपये होतं, आणि त्यावर बातम्या होतात. खोक्यावर कोणी बातमी करत नाही. हक्काचे पैसे आणि हौसेचा खोका यांची गल्लत करू नये असं माझं मत आहे.

इथे त्या बोनसच्या जागी तेरावा महिना असतो, पण तो पण सगळ्यांना नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये किंवा तुमच्या क्षेत्राच्या सामूहिक करारात असेल तरच. कायद्याने जे मिळतंच ते सुट्टीचे पैसे, वर्षाच्या पगाराच्या किमान 8 टक्के, साधारण मेमध्ये येतात. तेरावा महिना डिसेंबरात येतो आणि नवीन लोक हमखास मला मेल करतात की चूक झालीय का, अर्धेच आलेत. चूक नाही हो, अशा एकरकमी पैशांवर वेगळ्या तक्त्याने कर कापतात, मधल्या पगारवाल्यांचा जवळपास निम्मा जातो, जास्तीचा कापला गेला असेल तर पुढच्या वर्षी रिटर्न भरला की परत येतो. ज्यांना 30 टक्के रूलिंग आहे, म्हणजे परदेशातून कामाला आणलेल्यांना पगाराचा काही भाग करमुक्त मिळतो ती सवलत, त्यांचं जरा बरं. नोकरी बदलताना एचआरला हेच विचारा, तेरावा महिना आहे का, सुट्टीचे पैसे सांगितलेल्या पगारात धरलेत का वेगळे आहेत. खोका काय मिळेल ते विचारू नका, हसतात.

आता पॉइंट्स. हल्ली बऱ्याच कंपन्यांनी खोका बंद करून लिंक पाठवायला सुरुवात केलीय, आमच्याकडे पण मागच्या डिसेंबरात तेच झालं. लॉगिन करा, तुमच्या खात्यात पॉइंट्स, एक पॉइंट म्हणजे एक युरो असं ते सांगतात, आणि समोर शेकडो वस्तू. कागदावर भारी आहे, ज्याला जे हवं ते, कचरा नाही, व्हेज नॉनव्हेजचा प्रश्न नाही. प्रत्यक्षात मी नेहमीच्या दुकानांच्या साइट शेजारी उघडून बसले तेव्हा 40 युरोची वस्तू तिथे 55 पॉइंट्सना होती, ब्रँड कधी ऐकलेले नाहीत, जरा चांगलं दिसलं की वरचे पैसे स्वतःच्या खिशातून भरा म्हणतं, आणि पोचायला ख्रिसमस उलटून गेला. म्हणजे कंपनीने दिले पूर्ण आणि माझ्या हातात आले कमी. गिफ्ट कार्डचा पर्याय असेल तर डोळे मिटून ते घ्या, त्यात तरी 50 चे 50 राहतात. आमच्या साइटवर गिफ्ट कार्ड सगळ्यात खाली, तिसऱ्या पानावर लपवलं होतं, आणि मी पोचेपर्यंत संपलं होतं, कार्ड कसं काय संपतं देव जाणे.

म्हणून मग मी गूरमेटस्टेल घेतला. डच लोक ख्रिसमसला गूरमेटन करतात, टेबलाच्या मधोमध विजेचा तवा, त्याखाली तळहाताएवढ्या छोट्या पॅन सरकवायच्या, आणि ज्याने त्याने आपापलं भाजत बसायचं, दोन-तीन तास गप्पा. ते मांसाचे तुकडे करतात, सुपरमार्केटमध्ये तयार ट्रे मिळतात. आम्ही पनीर, ढोबळी मिरची, कांदा, मक्याचे दाणे केले, आणि खरा शोध लागला तो थालीपिठाचा. भाजणी जरा सैल भिजवून त्या छोट्या पॅनमध्ये थापली, मधे भोक, तेलाचा थेंब, आणि पोरांनी स्वतःची स्वतः भाजून खाल्ली, जी एरवी थालीपीठ बघून तोंड वाकडं करतात. धिरडी पण छान होतात. उत्तप्पा जमत नाही, वरून कच्चा राहतो.

तक्रारी आहेतच. तापायला दहा मिनिटं सहज लागतात, वायर इतकी आखूड की टेबल भिंतीला लावावं लागलं, पॅनचे दांडे गरम होतात म्हणून लहान मुलांजवळ बसा, आणि नॉनस्टिकवर लोखंडी उलथनं चालवू नका, सोबत आलेले लाकडी चपटे चमचेच वापरा. स्मोक अलार्म वाजतो म्हणजे वाजतोच. आणि वास! थंडीत खिडक्या बंद, भाजणीचा धूर पडद्यात जाऊन बसला, शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं काय बनवलं होतंस, आणि मग रेसिपी पण मागितली, ते जाऊदे.

एक गोष्ट मात्र खोक्यातही खटकते आणि पॉइंट्समध्येही. मी वर सगळ्यांना एकच म्हटलं, ते कंपनीच्या पेरोलवर असलेल्या सगळ्यांना. एजन्सीतून आलेली माणसं, पॅकिंगला असतात ती, वर्षानुवर्षं आमच्यातच जेवतात आणि त्यादिवशी खोक्यांचा ढीग रचायला तीच असतात, पण यादीत त्यांचं नाव नसतं कारण त्यांचा पगार एजन्सी करते. सफाईला येणाऱ्या सुरीनामी ताईंचं पण तेच, त्यांची कंपनी वेगळी. काही ठिकाणी मालक त्यांचेही खोके मागवतात, आमच्याकडे नाही. याचाच पूर्ण एक मार्क मी खोक्याचा कापलाय.

नको असलेल्या खोक्याचं काय करायचं तर मार्क्टप्लाट्सवर, म्हणजे इथल्या वस्तू विकायच्या साइटवर, डिसेंबरात बघा, न उघडलेल्या खोक्यांच्या जाहिराती रांगेने असतात, भाव मात्र पडेल मिळतो. त्यापेक्षा फूड बँकेत द्या, न उघडलेलं आणि तारीख न उलटलेलं असलं की सहसा घेतात, बऱ्याच ऑफिसांत त्यासाठी एक टेबलच मांडलेलं असतं. पॉइंट्सवाल्यांनी देणगीचं बटण शोधा, बहुतेक साइटवर असतं. आणि लिंकवर शेवटची तारीख असते ती लगेच फोनमध्ये टाका, उलटली की गेले पॉइंट्स.

यंदा एचआरने सर्व्हे पाठवलाय, खोका की पॉइंट्स. मी खोक्यावर टिक केलंय आणि खालच्या रिमार्कच्या चौकटीत लिहिलंय की एजन्सीच्या लोकांचेही खोके मोजा.