योगसाधनांचा संच: शरीरभानाच्या कसोटीवर

योगासनांसाठी मॅट, दोन ब्लॉक, बेल्ट, ब्लँकेट आणि बोल्स्टर (लोडासारखी लांबट उशी) असा एकत्रित संच हल्ली सहज मिळतो. त्याच्या जाहिरातीत बहुधा आराम आणि लवचीकता या दोनच गोष्टींवर भर दिलेला असतो. अशी साधने दीर्घकाळ नियमित वापरल्यानंतर मात्र माझे मत असे झाले आहे की त्यांचे खरे मोल वेगळ्याच ठिकाणी आहे. जी माहिती एरवी आपल्यापर्यंत पोहोचली नसती, ती चांगले साधन शरीराकडून मिळवून देते. आणि ते साधन बाजूला ठेवल्यावरही ती जाण काही काळ शरीरात टिकून राहते. संचातील प्रत्येक वस्तूला मी हीच कसोटी लावली आहे. एखादी वस्तू किती मऊ आहे किंवा तिच्या मदतीने हात किती खाली पोहोचतो, हे त्या मानाने गौण आहे.

डोळे मिटलेले असतानाही आपला हात कुठे आहे आणि गुडघा किती वाकला आहे हे आपल्याला कळते. स्नायूंमध्ये दडलेले सूक्ष्म संवेदक स्नायूची लांबी आणि ती बदलण्याचा वेग टिपतात, कंडरांमधले संवेदक ताण टिपतात, आणि सांधे व त्वचा त्यात आपापली भर घालतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या संवेदनेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असे नाव दिले. ही यंत्रणा प्रत्येकाकडे असते, परंतु तिचे बहुतेक काम आपल्या नकळत चालते, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आलेला तिरकेपणा आपल्याला सरळच वाटू लागतो. ‘खांदे मागे घ्या’ अशी सूचना ऐकल्यावर बरेच जण खांद्यांऐवजी खालच्या बरगड्या पुढे काढतात आणि खांदे मागे गेले असे प्रामाणिकपणे मानतात. सूचना नीट ऐकलेली असते, शरीरही हललेले असते. फक्त नेमके काय हलले याची खबर त्यांना नसते. योगाभ्यासात शरीरभान वाढवायचे म्हणजे ही खबर मिळू लागली पाहिजे, आणि साधनांची गरज मला इथे वाटते.

या संचातील मॅट चार मिलिमीटर जाडीची आहे आणि ती जाडी मला योग्य वाटते. दहा-पंधरा मिलिमीटर जाडीच्या गुबगुबीत मॅट हाताला अधिक सुखावह लागतात, पाठीवर झोपून करायच्या व्यायामांना त्या सोयीच्याही असतात. पण उभ्या आसनांत तळपायांकडून येणारी माहिती त्या पुसट करून टाकतात. तोल तपासण्याच्या वैद्यकीय चाचण्यांमध्ये व्यक्तीला मुद्दाम जाड फोमवर उभे करतात ते याचसाठी, कारण तळपायांची माहिती बेभरवशाची झाली की मेंदूला डोळ्यांवर आणि अंतर्कर्णावर अधिक विसंबावे लागते. पातळ मॅटवर ताडासनात उभे राहून डोळे मिटले की थोड्याच वेळात लक्षात येते की आपण स्थिर उभे नसतोच. शरीर घोट्यांवर किंचित पुढे-मागे होत असते. पुढे गेले की बोटांखालचा दाब वाढतो, मागे आले की टाचेखालचा. आणखी थोडे थांबले तर एका टाचेच्या बाहेरच्या कडेवर जास्त भार आहे, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याचे मूळ जमिनीला जेमतेम टेकले आहे, असे बारकावे उलगडत जातात. हे सगळे जाड मॅटमध्ये मुरून जाते. गुडघ्यांवर उभे राहून करायच्या आसनांत ही मॅट वाटीला टोचते हे खरे, पण तेवढ्यापुरती ब्लँकेटची घडी गुडघ्यांखाली घेता येते. (डोळे मिटून तोल सांभाळण्याचा सराव नवख्यांनी आणि वयस्करांनी भिंतीजवळच करावा.)

ब्लॉक कॉर्कचे आहेत. सुमारे तेवीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद आणि दहा जाड अशा मापामुळे एकाच ब्लॉकच्या तीन उंची मिळतात. संचातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचारले तर मी विचार न करता ब्लॉककडे बोट दाखवेन. त्रिकोणासनाचेच पाहावे. ब्लॉकशिवाय खालचा हात घोट्यापर्यंत नेण्याच्या ओढीत छाती जमिनीकडे वळते, खालची कूस आखडते, श्वास अडतो, आणि हात घोट्याला लागला म्हणून आसन झाले असे वाटते. तोच हात नडगीच्या बाहेरच्या बाजूला उभ्या ठेवलेल्या ब्लॉकवर टेकवला की दोन्ही कुशी लांब राहतात आणि पाहण्यासारखी खरी गोष्ट समोर येते: तळहाताखालचा दाब. पायांनी आपले काम चोख केले तर तळहात ब्लॉकवर हलका राहतो. मांड्या ढिल्या पडल्या की त्याच क्षणी तळहात जड होतो. खात्री करून घ्यायची तर आसनात काहीही न बदलता तळहात बोटभर वर उचलून पाहावा. धड जिथल्या तिथे राहिले तर भार पायांवर होता. धड खाली ढासळले तर इतका वेळ हातच शरीर तोलून धरत होता. आरशात पाहून ही गोष्ट कधीच कळली नसती.

ब्लॉकमुळे आसन सोपे होते, म्हणून तो फक्त नवशिक्यांनी वापरावा, असा समज बराच रूढ आहे. मला तो पटत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी दाखवून दिले होते की दोन वजनांतला फरक जाणवायचा तर तो मूळ वजनाच्या विशिष्ट प्रमाणात असावा लागतो. हातात जड ओझे असताना त्यात थोडी भर पडली तर कळत नाही. ओझे हलके असेल तर तेवढीच भर लगेच कळते. आसनालाही हाच न्याय लागू पडतो असे माझे निरीक्षण आहे. सगळी शक्ती पणाला लावून शेवटच्या टोकाला ताणलेल्या शरीरात बारीकसारीक बदल जाणवण्याला जागाच उरत नाही. ब्लॉकमुळे तो एकूण प्रयत्न कमी होतो आणि एरवी गोंधळात बुडून गेलेल्या सूक्ष्म संवेदना वर येतात. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनसिद्धीचा संबंध प्रयत्नाच्या शैथिल्याशी जोडलेला आहे. त्या सूत्राचा शास्त्रार्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही, पण रोजच्या अभ्यासात त्याचा प्रत्यय मला ब्लॉकमुळे आला.

सेतुबंधासनात मांड्यांच्या मध्ये ब्लॉक धरणे हा दुसरा उपयोगी प्रयोग आहे. कंबर वर उचलताना गुडघे बाहेर फाकतात आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. ब्लॉक घसरू लागला की पत्ता लागतो. इथे कॉर्क आणि फोम यांतला फरक स्पष्ट होतो. फोमचा ब्लॉक दाबाखाली चेपला जातो, त्यामुळे दोन्ही मांड्या सारख्याच दाबत आहेत की एकच दाबते आहे हे कळणे अवघड होते, तर कॉर्क दबत नाही आणि डाव्या-उजव्या बाजूतली तफावत लपू देत नाही. लाकडी ब्लॉक याहूनही स्पष्ट असतो, पण जड असतो आणि हाडांना लागतो. पाठीच्या तळाशी, त्रिकाचे जे चपटे हाड आहे त्याखाली ब्लॉक घेऊन विसावायचे असेल तेव्हा मात्र फोमच बरा, आणि तो कमरेच्या पोकळीत न येता त्या हाडाखालीच येईल याची काळजी घ्यायला हवी. कॉर्कची एक उणीव नोंदवली पाहिजे: वापराने त्याच्या कडांचे कण निघू लागतात.

बेल्ट सुती आहे, सुमारे चार सेंटिमीटर रुंद, आणि त्याची लांबी उंच व्यक्तीलाही पुरेल इतकी आहे. त्याचे बक्कल मात्र प्लॅस्टिकचे आहे आणि ताण आला की हळूहळू सरकते. धातूच्या दोन कड्या असलेला बेल्ट न सरकता धरून ठेवतो, म्हणून मी वेगळा घेतला आणि इतरांनाही तोच घ्यायला सांगेन. ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण बेल्टचे सारे महत्त्व त्याच्या न सरकण्यातच आहे. अधोमुख श्वानासनात दोन्ही दंडांभोवती, कोपरांच्या किंचित वर, खांद्यांच्या रुंदीएवढा फास घालून ठेवला तर कोपरे बाहेर जाऊ लागताच दंडांच्या बाहेरच्या बाजूला बेल्ट रुततो. शिक्षकाने दहा वेळा सांगून जे कळत नाही ते त्वचेला तिथल्या तिथे कळते. सरकणारे बक्कल मात्र कोपरांसोबत मोकळे होत जाते आणि सगळे ठीक आहे असा भास निर्माण करते.

सुप्त पादांगुष्ठासनात पाठीवर झोपून, एका तळपायाला बेल्ट लावून तो पाय वर घेताना बहुतेकांचे लक्ष वरच्या पायाकडे असते. माझ्या मते शिकण्यासारखे सारे जमिनीवरच्या पायात घडते. वरचा पाय जवळ ओढला की खालच्या पायाची मांडी जमिनीपासून सुटते, त्याची बोटे बाहेर वळतात, श्रोणीची (कमरेखालच्या हाडांच्या चौकटीची) एक बाजू उचलली जाते. बेल्ट दोन बोटांनी हलका धरला आणि खालच्या टाचेकडे लक्ष ठेवले तर वरचा पाय कुठवर न्यायचा हे ती टाचच सांगते. बेल्ट जोराने खेचणाऱ्याला यातले काहीच ऐकू येत नाही, शिवाय मांडीमागच्या स्नायूच्या मुळाशी दुखापत होण्याचा धोका असतो तो वेगळाच. मुंग्या येणे, बधिरपणा किंवा सांध्यात टोचणारी कळ जाणवली तर तिथेच थांबावे. ज्यांचे सांधे मुळातच अतिलवचीक आहेत त्यांनी बेल्टचा उपयोग ताण वाढवण्यासाठी मुळीच करू नये. त्यांना हालचाल कुठे थांबवायची याची जाण अधिक गरजेची असते, आणि योग्य लांबीवर बांधलेला फास ती देतो.

बेल्टबाबत एक मर्यादा मात्र वस्तूची नसून आपल्या मज्जासंस्थेची आहे. त्वचेतले बरेच संवेदक एकसारख्या दाबाला थोड्या वेळाने प्रतिसाद देणे कमी करतात. मनगटावरचे घड्याळ जसे दिवसभर जाणवत नाही, तसाच दंडावरचा बेल्टही काही श्वासांनंतर जाणवेनासा होतो. म्हणून साधन लावून आसनात खूप वेळ राहण्यापेक्षा आधी साधनासह, मग साधनाशिवाय आणि पुन्हा साधनासह असे क्रमाने केले तर अधिक लाभ होतो. दुसऱ्या खेपेला, बेल्ट नसताना, दंड आपणहून आत येतात का हे पाहणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी दोर, विटा, खुर्च्या आणि पट्टे यांचा योगशिक्षणात जो विचारपूर्वक वापर केला, त्यामागे आजारी आणि वयस्कर माणसांना आसने करता यावीत हा हेतू होताच, पण शरीराची नेमकी ठेवण साधकाला आतून उमगावी हाही होता. आजच्या संचांच्या जाहिरातींत पहिला हेतू कसाबसा उरला आहे, दुसरा जवळजवळ हरवला आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

ब्लँकेट दाट विणीचे आहे आणि घडी मोडत नाही, इतके पुरे. मांडी घालून बसताना पाठ मागे कलत असेल तर त्याची घडी बैठकीखाली घ्यावी. बैठकीची दोन हाडे जमिनीकडे टेकल्याचे स्पष्ट जाणवू लागते आणि कणा फारसे कष्ट न घेता उभा राहतो. बोल्स्टर मला या संचात सर्वांत कमी आवश्यक वाटला. भरण मऊ असल्यामुळे तो लवकर दबतो. तरीही त्यावर पाठ टेकून स्वस्थ पडले की श्वासाबरोबर बरगड्यांची मागची बाजू पसरते ती जाणवते, हृदयाचे ठोके जाणवतात, आणि स्नायू-सांध्यांच्या पलीकडे असलेल्या या आतल्या संवेदनांकडे लक्ष वळवायला निवांत जागा मिळते. दोन जाड ब्लँकेटच्या गुंडाळीनेही हे काम भागते.

संचासोबत आसनांचा एक रंगीत तक्ता येतो आणि माझी सर्वांत मोठी नाराजी त्याच्यावर आहे. छपाई सुरेख आहे, चित्रे अचूक आहेत. पण प्रत्येक चित्र आसनाची पूर्ण झालेली आकृती दाखवते आणि त्याखाली त्या आसनाचे लाभ लिहिलेले आहेत. आसनात असताना काय जाणवायला हवे याबद्दल एक अक्षरही नाही. परिणामी वापरणारा त्या चित्रासारखे दिसण्याचा प्रयत्न करतो, आणि हातात ब्लॉक असूनही लक्ष डोळ्यांपुढच्या आकृतीकडेच राहते. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी डोके खाली येणारी आसने वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत, ही साधी सूचनाही त्यावर नाही. उत्पादकांनी पुढच्या आवृत्तीत लाभांच्या यादीला कात्री लावून प्रत्येक चित्राखाली दोन-तीन प्रश्न छापावेत: त्रिकोणासनाखाली ‘तळहात किती जड आहे?’, ताडासनाखाली ‘भार टाचेवर आहे की बोटांवर?’, सुप्त पादांगुष्ठासनाखाली ‘खालची टाच कुठे वळली?’. तोवर संच घेणाऱ्यांनी हे प्रश्न पेन्सिलीने स्वतःच त्या तक्त्यावर लिहून घ्यावेत.