नागीण ‘उतरवून’ देणाऱ्यापासून सांभाळा

ऐन सोयाबीन काढणीत केज तालुक्यातल्या आमच्या मामांच्या कपाळाची डावी बाजू जळजळायला लागली. दोन दिवसांनी भुवईवर पाणीदार फोडांचा घोस उठला. नागीण आहे हे गावानं लगेच ओळखलं, आणि ते बरोबरच होतं. पण नेलं ते शेजारच्या गावातल्या एका ‘उतरवणाऱ्या’कडे.

पहिल्या दिवशी नारळ, गेरूचा लेप, मोरपिसाचे फटकारे आणि 51 रुपये. तेही ‘श्रद्धेनं ठेवा’ म्हणून. खरा धंदा पुढच्या बैठकीला सुरू झाला. ‘‘काकू, तोंड शेपटाला लागायला आलंय. लागलं की माणूस हातचा गेला.’’ मामींनी बचतगटातून उचललेले 6,500 रुपये तिथंच मोजले. बदल्यात बिनलेबलच्या डबीतलं मलम मिळालं आणि एक अट: इंग्रजी गोळी पोटात गेली तर नागीण भडकेल.

या माणसाचं भांडवल काय, ते समजून घ्या. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून असतो. वय झालं, साखर वाढली, अंगातली ताकद घटली की तो एखाद्या तंतूवाटे कातडीवर येतो. तंतू शरीराच्या एकाच बाजूचा, म्हणून फोडांचा पट्टा सहसा मधली रेघ ओलांडत नाही. कमरेला वेढा पडून तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच येत नाही. आणि बहुतेकांचे फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. म्हणजे जे होणारच नाही त्याची भीती घालायची, आणि जे आपोआप होणार आहे त्याचे पैसे घ्यायचे. पाठीवरच्या नागिणीत हे खपून जातं, म्हणूनच त्याचं नाव झालंय.

कपाळावर मात्र वेळ नसतो. विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू केल्या तर होतो. मामांच्या नाकाच्या शेंड्यावरही फोड आला होता. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच तंतूच्या फांद्या जातात, त्यामुळे तिथं फोड दिसला की त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा असतो. ‘‘नाकावर आली म्हणजे उतरायला लागली,’’ असं हा मामींना सांगत होता! अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत आठवडा उलटला होता. गोळ्या तरीही दिल्या, कारण डोळा लाल होता. बुबुळावर डाग राहिलाय, आणि कपाळाची कळ अजून रात्री झोपू देत नाही.

पैसे मागायला मी त्याच्याकडे गेले तर ओसरीवर रांग. एका म्हाताऱ्या बाबांचा पाय गुडघ्यापर्यंत लालभडक, गरम, अंगात हुडहुडी. हा त्याला धावरं, म्हणजे कातडीत पसरणारा जंतुसंसर्ग, म्हणून गेरू लावत होता. असल्या लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढा. काही तासांत लाली रेघेपलीकडे गेली, ताप असला किंवा दिसतंय त्यापेक्षा दुखणं फार जास्त असलं, तर थेट मोठा दवाखाना. नवीन गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि कातडी सुटायला लागली, तर तेही रात्रीतच न्यायचं दुखणं. 108 ला फोन करा, गोळीचं पाकीट सोबत घ्या. बधिर चट्टा, म्हणजे कुष्ठरोगाची खूण असू शकते, त्याला तासांची घाई नसते, पण तोही उतरवून जात नाही. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

पैसे मिळाले नाहीत. पावतीच नाही, तर दाखवायचं काय? 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार अडवणं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमची नागीण नुसती नावाची.

तो माणूस अजून बसतो. मामांचा डोळा कशानं गेला असं कुणी विचारलं, तर सांगतो, ‘‘अंबाजोगाईला नेऊन गोळ्या चारल्या ना, म्हणून.’’