प्रौढांना नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी शिकवायचं प्रशिक्षण : आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर, गेल्या जूनमध्ये, हे ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं ते नणंदेसाठी. ती मुलाकडे न्यू जर्सीला असते. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं होत आली होती, अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता, पण मुलाखत इंग्रजीत म्हटल्यावर तिची झोप उडाली होती. तिच्यामागून आणखी चौघं आली, सगळी आपल्याकडचीच. त्यातल्या दोघी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे इथे सकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेल्यावर साडेसात.

प्रशिक्षणातला पहिलाच तास मी विसरणार नाही. वीस मिनिटं आम्हा शिक्षकांना फक्त स्पॅनिशमधून शिकवलं. मला प्रश्न विचारला तेव्हा काही न कळता मी हसून मान डोलावली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमचे विद्यार्थीही हेच करतील, आणि मुलाखतीत ते महागात पडेल.

तसंच झालं. अर्जाचा फॉर्म एन-४०० हाच मुलाखतीचा कणा असतो. अधिकारी त्यातलेच प्रश्न विचारतो आणि त्यावरून तुमचं बोलणं जोखतो. ‘हॅव यू एव्हर बीन अरेस्टेड?’ असं मी विचारलं, तर पासष्टीच्या काकांनी नम्रपणे ‘येस, येस’ म्हटलं. आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस! साहेबाला नाही कसं म्हणायचं, ही त्यांची अडचण होती. प्रशिक्षणातून शिकले ते असं : ‘हॅव यू एव्हर’ म्हणजे ‘आजवर कधी’, हे एकदा पक्कं करायचं, मग पुढचा शब्द पकडायचा, आणि नाही समजलं तर प्रश्न पुन्हा विचारायला सांगायचं. तसं सांगायची मुभा असते. फक्त यावर आम्ही सहा आठवडे घालवले आणि एकही दिवस वाया गेला नाही.

वाचन-लेखन त्यामानाने सोपं. तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. शब्दांच्या याद्या यूएससीआयएस या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

नागरिकशास्त्रात मात्र प्रशिक्षणातली एक सूचना फार उपयोगी पडली : प्रौढाला आधीच जे ठाऊक आहे, तिथून सुरुवात करा. सिनेटरची मुदत ६ वर्षं, आपल्या राज्यसभेच्या खासदारासारखी, हे लगेच बसलं. ‘काँग्रेस’ शब्दाला मात्र दोन दिवस लागले. आपल्या माणसाला तो पक्षच वाटतो, तिथे ती संसद. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीतले हक्क, म्हणजे भाषण, धर्म, सभा वगैरेंचं स्वातंत्र्य, काकांच्या लक्षात राहीनात. मग आम्ही १९३०च्या सोलापुरातल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अंमलावर बोललो, १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांवर बोललो. काका म्हणाले, “बाई, सभेला बंदी होती म्हणजे हेच ना, असेंब्ली?” त्यानंतर तो शब्द त्यांना परत सांगावा लागला नाही.

आता तक्रारी. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांसाठी नागरिकशास्त्राची चाचणी बदलली. आधी १०० प्रश्नांच्या यादीतले १० विचारायचे आणि ६ बरोबर लागायचे. आता यादी १२८ची, विचारणार २०पर्यंत आणि बरोबर हवेत १२. त्याआधी अर्ज केलेल्यांना जुनीच चाचणी. माझ्याकडे दोघं जुनी, तिघं नवी. पण प्रशिक्षणाचे पाठ डिसेंबरपर्यंत १००वरच अडलेले होते. पैसे घेऊन शिकवणाऱ्यांनी एवढी ढिलाई करू नये. मी सरकारी यादी उतरवून घेतली आणि दोन वेगळ्या वह्या केल्या.

दुसरी तक्रार मला जास्त लागली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडच्या नागरिकत्वाची शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढायचं. ‘ओथ’ या शब्दाचा अर्थ शिकवताना नणंद एकदम गप्प झाली. म्हणाली, “वहिनी, म्हणजे मी आता इथली नाही का?” ‘इथली’ म्हणताना तिच्या मनात सोलापूर होतं. अशा वेळी शिक्षकाने काय करावं, यावर अख्ख्या प्रशिक्षणात एक वाक्य नाही. त्या दिवशी मी वर्ग थांबवला आणि आम्ही नुसतं बोलत बसलो.

विकत घेण्याआधी एवढं करा. सरकारी संकेतस्थळावरचे पाठ आणि शिक्षकांसाठीचं साहित्य फुकट आहे, ते आधी पाहा. ५५ वर्षं वय आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असतील, किंवा वय ५० आणि २० वर्षं, तर इंग्रजीतून सूट असते आणि नागरिकशास्त्र आपल्या भाषेत देता येतं. आपल्या माणसाला ही सूट लागू आहे का, ते बघा. प्रशिक्षणातले नकली मुलाखतीचे तास मात्र पैसे मोजण्यासारखे आहेत. काका पहिल्या खेपेत पास झाले. नणंदेची मुलाखत एप्रिलमध्ये आहे, आणि ‘ओथ’चा अर्थ ती आता न अडखळता सांगते.